एकाच बुरशीचे दोन अहवाल

शुक्रवारी सकाळी आठ वाजता माझ्या हातात दोन कागद होते, आणि त्यांतला एक खोटा आहे अशी माझी खात्री होती.

दोन्ही कागदांवर माझ्या आईचं नाव होतं. दोन्हींवर एकाच यीस्टचं (डोळ्यांना न दिसणाऱ्या, एका पेशीच्या बुरशीचं) नाव होतं. औषधही एकच, फ्लुकोनाझोल. सांगलीत आई ज्या दवाखान्यात होती, तिथल्या प्रयोगशाळेचा कागद म्हणत होता, ‘औषध लागू पडेल’. तासगावच्या विभागीय प्रयोगशाळेचा कागद म्हणत होता, ‘लागू पडणार नाही’. मी दोन्ही कागद तीन-तीनदा वाचले. मग एकावर एक ठेवून उजेडात धरले. त्यानं काय होणार होतं कोण जाणे, पण दमलेलं माणूस असं काहीतरी करतं.

माझं नाव शकुंतला. वय बारा. हल्ली जुनी नावं परत आली आहेत, आमच्या वर्गात दोन गोदावरी आणि एक सखूबाई आहे, तेव्हा हसू नका. आईच्या आतड्याचं ऑपरेशन झालं त्याला तेव्हा सोळा दिवस झाले होते. ऑपरेशन चांगलं झालं, पण पाचव्या दिवशी तिला ताप भरला आणि रक्तात यीस्ट सापडलं. हे यीस्ट आपल्या सगळ्यांच्या अंगावर आणि पोटात एरवी गुपचूप राहत असतं. माणूस अशक्त झालं आणि वाट मिळाली, की ते रक्तात शिरतं आणि मग जिवावर उठतं.

बाबा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून बसून कंबरेत वाकले होते. मी गृहपाठाच्या वहीत आईच्या लघवीचं माप लिहायला शिकले होते, कारण डॉक्टरांना रोज तेच हवं असायचं. आईला एक कडक औषध चालू होतं. ते यीस्टला मारत होतं, पण तिच्या मूत्रपिंडांनाही सोडत नव्हतं. माझ्या वहीतले आकडे रोज कमी होत चालले होते. फ्लुकोनाझोल हे सौम्य औषध. ते लागू पडणार असेल तर कडक औषध बंद करता येणार होतं. पण ते लागू पडणार नसेल आणि तरी दिलं, तर यीस्ट पुन्हा रक्तात पसरलं असतं.

डॉक्टर शबाना नदाफ यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले. मग म्हणाल्या, “उद्या दुपारी एकपर्यंत मी थांबू शकते. त्यापुढं मूत्रपिंडं तग धरणार नाहीत.”

म्हणून मी कागद घेऊन आबांकडे गेले. आबा म्हणजे आईचे वडील, डॉ. अण्णासाहेब चौगुले. एकतीस वर्षं त्यांनी तासगावच्या त्याच प्रयोगशाळेत बुरशी तपासण्यात घालवली. आता ते सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. मी त्यांना सांगितलं, की या दोघांपैकी कुणीतरी धडधडीत खोटं लिहिलंय. आबांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि चष्मा परत घालायला विसरले.

“खोटं कुणी लिहीत नसतंय गं,” ते म्हणाले. “दोघांनी जे बघितलं तेच लिहिलंय. कसं बघितलं, ते मात्र कुणीच लिहिलं नाही. चल, चप्पल घाल.”

तासगावची विजेची एसटी आवाज न करता धावते, त्यामुळे तिच्यात झोप फार लागते. आबा झोपतील असं मला वाटत होतं, पण ते बोलत राहिले. हे सगळं त्यांनी आयुष्यात शेकडो लोकांना सांगितलं असणार. त्यांच्या आवाजात नवल असं काही उरलं नव्हतं, पण एकही पायरी त्यांनी गाळली नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. पेशंटच्या रक्तातलं यीस्ट आधी वाढवून घेतात. मग प्लॅस्टिकची एक चौकोनी प्लेट घेतात. तिच्यात करंगळीच्या टोकाएवढे शहाण्णव खळगे असतात. प्रत्येक खळग्यात पोषक द्रव (यीस्टचं जेवण) घालतात आणि मोजून सारखंच यीस्ट सोडतात. पहिल्या खळग्यात औषध अजिबात नसतं. त्याला तुलनेचा खळगा म्हणतात, कारण यीस्ट मोकळं सोडलं तर किती वाढतं ते त्यात दिसतं. पुढच्या खळग्यात औषध भरपूर, त्यापुढच्यात निम्मं, त्यापुढच्यात त्याच्या निम्मं, अशी उतरंड लावतात. प्लेट उबेत ठेवतात. जिथं यीस्ट वाढलं तो खळगा गढूळ होतो, जिथं थांबलं तो निवळ राहतो. सगळ्यांत कमी किती औषधानं वाढ थांबली, तो आकडा म्हणजे किमान रोधक मात्रा (वाढ रोखणारं कमीत कमी औषध). तेवढं औषध माणसाच्या रक्तात सुखरूप पोचवता येत असेल तर ‘लागू पडेल’ लिहायचं, नसेल तर ‘पडणार नाही’.

मला हे अगदी सोपं वाटलं. गढूळ की निवळ, एवढंच तर बघायचं. मग भांडण कसलं, असं मी विचारलं.

आबा म्हणाले, की भांडण या औषधाच्या स्वभावामुळे आहे. जंतूंवरची काही औषधं त्यांना सरळ मारून टाकतात, तिथं निवळ आणि गढूळ यांच्यात स्पष्ट रेघ दिसते. फ्लुकोनाझोल मारत नाही, ते फक्त वाढ अडवतं. काही यीस्ट अडवल्यावरही हळूहळू थोडं थोडं वाढत राहतात. अशा वाढीला रेंगाळती वाढ म्हणतात. त्या खळग्यांत एक फिकट धुरकटपणा येतो. मग तपासणाऱ्यानं ‘वाढलं’ म्हणायचं की ‘थांबलं’? एकजण एक म्हणायचा, दुसरा दुसरं. शेवटी जगभरच्या लोकांनी बसून ठरवलं, की तुलनेच्या खळग्याच्या निम्म्याहून कमी गढूळ असेल तर ‘थांबलं’ म्हणायचं.

“ठरवलं म्हणजे?” मी विचारलं. “खरं काय ते शोधलं नाही?”

“खरं एवढंच, की खळगा धुरकट आहे. त्याला काय म्हणायचं ते माणसांनी ठरवायचं असतं. सगळ्यांनी सारखंच ठरवलं तर त्याला प्रमाण पद्धत म्हणतात. आणि ती पाळणं,” आबांनी खिडकीला डोकं टेकलं, “ती पाळणं फार कंटाळवाणं काम आहे.”

तासगावच्या प्रयोगशाळेत आता दोघंच काम करतात. एक अक्काताई मगदूम, आबांच्या वेळेपासूनच्या. आणि दुसरा सर्जा. सर्जा म्हणजे चाकांवरचं एक कपाट आहे, त्याला दोन लांब हात आणि प्रकाशमापक (द्रवातून किती उजेड पार जातो ते मोजणारा डोळा) आहे. प्लेट भरायची, उबेत ठेवायची, वाचायची, सगळं तोच करतो. आम्ही आत गेलो तेव्हा सर्जाच्या गळ्याच्या जागी झेंडूची सुकलेली माळ होती, आणि दोन्ही हातांना चकचकीत बेगड चिकटवलेली होती.

मी अक्काताईंना विचारलं, हे काय. त्या म्हणाल्या, काल बेंदूर नव्हता का. आमच्या भागात आषाढात बेंदूर येतो. त्या दिवशी बैलांना न्हाऊ घालतात, शिंगं रंगवतात, पुरणपोळी चारतात आणि कामाला अजिबात जुंपत नाहीत. आता बैल गावात चारच उरले आहेत, म्हणून लोक ट्रॅक्टरला आणि द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्या ड्रोनला माळा घालतात आणि दिवसभर बंद ठेवतात. अक्काताईंनी सर्जालाही सोडलं नव्हतं.

“वरीसभर राबतंय ते,” त्या म्हणाल्या. “ना ऐतवार, ना सण. येक दिस तर इसावा नको का? म्या सकाळीच बटन बंद केलं, निवद दावला आन घरला गेले.”

मला हसू येणार होतं. तेवढ्यात एक प्रश्न आला आणि हसू राहिलं.

“मग काल आईची प्लेट कुणी वाचली?”

अक्काताईंचा हात पदराकडे गेला आणि तिथंच राहिला. उत्तर सर्जानं दिलं, त्याच्या सपाट आवाजात. प्लेट बुधवारी सकाळी आठ वाजता ठेवली. शुक्रवारी सकाळी सात वाजता वाचली. मधे सत्तेचाळीस तास.

“आणि किती तासांनी वाचायची असते?” मी विचारलं.

“चोवीस,” आबा म्हणाले. ते स्टुलावर बसले होते. “दवाखान्यानं त्यांची प्लेट गुरुवारी वाचली असणार, बरोबर चोवीस तासांनी. रेंगाळतं यीस्ट पहिल्या दिवशी निम्म्याच्या आत असतं. दुसऱ्या दिवसापर्यंत ते निम्म्याच्या वर चढतं. तू इडलीचं पीठ सकाळी बघितलंस आणि मी दुसऱ्या दिवशी दुपारी बघितलं, तर आपण एकाच पिठाबद्दल बोलतोय असं कुणाला वाटेल?”

म्हणजे कुणीच खोटं बोललं नव्हतं. मला राग काढायला कुणी सापडेना. अक्काताई मात्र रडायला लागल्या. पोरीच्या आईच्या जिवाशी खेळ झाला, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. आबांनी त्यांना थांबवलं. सर्जानं तास नीट नोंदवलेत, ते म्हणाले, पण ते कागदावर आलेच नाहीत, कारण कागदावर त्यासाठी रकानाच नाही. पूर्वी होता. पंधरा वर्षांपूर्वी नवा फॉर्म करताना तो काढून टाकला, कारण सगळेच चोवीस तासांनी वाचतात, मग जागा कशाला अडवायची.

“कुणी काढला?” मी विचारलं.

“मी,” आबा म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. मी म्हटलं, झालं ते झालं, आता दवाखान्याचाच कागद बरोबर ठरला ना, डॉक्टरांना फोन करू आणि सौम्य औषध सुरू करायला सांगू. पण आबांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशीची वाढ रेंगाळती असेल असं त्यांना वाटत होतं, पण वाटणं वेगळं. खळग्यात यीस्टच कमी पडलं असेल, तर खरोखर हट्टी यीस्टही पहिल्या दिवशी साधं वाटून फसवू शकतं. शिवाय एकाच प्लेटच्या भरवशावर औषध बदलायचं नसतं. प्लेट पुन्हा लावायची, आणि या वेळी सगळं डोळ्यांदेखत करायचं.

“आणि वाचायची मी नाही,” ते म्हणाले. “मी बाप आहे तिचा. मला जे पाहिजे तेच मला दिसेल.”

मग मीही कशी वाचणार, असं मला वाटलं. आबांनी त्यावर तोड काढली. एक नाही, चार प्लेटा लावायच्या. दोन आईच्या यीस्टच्या. एक अशा यीस्टची, ज्याला हे औषध हमखास थांबवतं. आणि एक हट्टी यीस्टची, जे या औषधाला दाद देत नाही. ही दोन ओळखीची यीस्ट प्रयोगशाळेच्या शीतपेटीत कायम जपून ठेवलेली असतात. त्यांचं उत्तर आधीच माहीत असतं, म्हणून ती चुकली तर आपलंच काहीतरी चुकलंय हे कळतं. चारही प्लेटांवर नावाऐवजी फक्त आकडा घालायचा. कुठल्या आकड्याखाली कोण, ते आबा एका चिठ्ठीत लिहून बंद करणार होते. वाचणाऱ्याला ते कळणार नव्हतं.

सर्जा सुरू झाला. यीस्ट पाण्यात कालवलं, गढूळपणा मोजला, जास्त झाला म्हणून थोडं पाणी घातलं, परत मोजला. यीस्ट गरजेपेक्षा जास्त पडलं तर साधंसुद्धा हट्टी वाटतं, कमी पडलं तर हट्टीसुद्धा साधं वाटतं, म्हणून हे मोजणं. पोषक द्रवातली साखर, त्याचा आंबटपणा, पेटीची ऊब, यांतलं काहीही इकडचं तिकडं झालं तरी उत्तर हलतं. एवढ्याशा खळग्यात इतकी भानगड असेल असं मला वाटलं नव्हतं. हे सगळं चालू असताना मी दोनदा उभ्या उभ्या पेंगले. अकरा वाजता चारही प्लेटा उबेच्या पेटीत गेल्या.

नंतर करण्यासारखं काही नव्हतं आणि तेच सगळ्यात जड गेलं. आम्ही सांगलीला परतलो. आईनं संध्याकाळी डोळे उघडले, मला ओळखलं आणि विचारलं, जेवलीस का. मी हो म्हटलं, ते खोटं होतं. वहीतला आकडा त्या दिवशी सगळ्यात कमी होता.

शनिवारी अकरा वाजता आम्ही परत त्या टेबलाशी होतो. प्लेटा बाहेर आल्या तेव्हा आबा खिडकीकडे तोंड करून बसले. सर्जानं प्रत्येक प्लेट हलकेच हलवली, म्हणजे तळाशी बसलेलं यीस्ट सारखं पसरतं. ठरलं असं, की आधी मी सांगायचं, मग अक्काताईंनी, मग सर्जानं, आणि एकदा सांगितलेलं बदलायचं नाही. रक्तात पोचवता येईल एवढं औषध ज्या खळग्यात होतं, त्यावर खूण केली होती. तो खळगा आणि तुलनेचा खळगा शेजारी धरून बघायचं.

पहिली प्लेट. खूण केलेला खळगा निवळ नव्हता. मला धस्स झालं. मग लक्षात आलं, की ही कुणाची आहे हेच मला माहीत नाही, मग घाबरायचं कशासाठी? मी पुन्हा बघितलं. तुलनेचा खळगा ताकासारखा होता आणि हा तांदळाच्या धुवणासारखा. निम्म्याहून कमी, मी म्हटलं, थांबलं. अक्काताईही तेच म्हणाल्या. सर्जानं मोजून सांगितलं, शंभरात चौतीस.

दुसरी प्लेट अगदी निवळ होती, तिच्याबद्दल विचार करावा लागला नाही. तिसरी शेवटपर्यंत गढूळ होती. वाढलं, मी म्हटलं. अक्काताईंनीही वाढलंच म्हटलं. सर्जा म्हणाला, शंभरात ब्याण्णव.

चौथी प्लेट धुरकट होती, पहिलीसारखीच. थांबलं. अक्काताईंच्या मते थांबलं. सर्जाच्या मते शंभरात अडतीस.

मी कागदावर चारही उत्तरं एकाखाली एक लिहिली आणि बघत राहिले. आईच्या प्लेटा दोन. दोन्हींत एकच यीस्ट, म्हणजे त्या एकमेकींसारख्या दिसायला हव्यात. पहिली आणि चौथी सारख्या होत्या. दुसरी आणि तिसरी कुणासारख्याच नव्हत्या.

“आबा,” मी म्हटलं, “मला वाटतं मला कळलं.”

“वाटणं नको. चिठ्ठी उघड.” त्यांनी मान वळवली नाही.

चिठ्ठीची घडी उलगडताना माझी नखं मधे येत होती. दुसरी, ओळखीचं साधं यीस्ट. तिसरी, ओळखीचं हट्टी यीस्ट. पहिली आणि चौथी, वृंदा. आबांनी बाकी दोघांची लांबलचक शास्त्रीय नावं लिहिली होती, आणि आईचं मात्र घरातलं नाव लिहिलं होतं. मी ते मोठ्यानं वाचलं. आबांनी दोन्ही हात चेहऱ्यावर घेतले आणि तसेच बसून राहिले. त्यांना मी पहिल्यांदाच रडताना बघितलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही, मलाही तेच करायचं होतं.

बारा वाजून दहा मिनिटांनी डॉक्टर नदाफ यांना अहवाल गेला. त्यावर मी अक्काताईंना समासात हातानं लिहायला लावलं, ‘चोवीस तासांनी वाचले’. डॉक्टरांनी फोन केला. औषध बदलते, त्या म्हणाल्या, पण प्लेट ही प्लेट असते, तिला ना ताप येतो ना आतडी असतात. प्लेटनं हो म्हटल्यावरही दहातल्या एखाद्या पेशंटला औषध लागू पडत नाही, तेव्हा आपण रक्त पुन्हा पुन्हा बघत राहू. मी बरं म्हटलं. यावर भांडायला माझ्यात ताकद नव्हती.

औषध बदलल्यावर चौथ्या दिवशी आईचं रक्त स्वच्छ आलं. सहाव्या दिवशीही स्वच्छ. वहीतले आकडे वर चढायला लागले, आधी चमचाभर, मग पेलाभर.

आबा निवृत्त असले तरी तासगावात त्यांचा शब्द अजून चालतो, म्हणून दरम्यान त्यांनी एक काम केलं. फॉर्मवर तासांचा रकाना परत घातला, आणि त्याशिवाय अहवाल छापलाच जाणार नाही असं सर्जाला शिकवलं. बेंदराची सुट्टी त्यांनी रद्द केली नाही, फक्त आदल्या दिवशी नवी प्लेट लावायची नाही असा नियम केला. मग विभागातल्या बाराही प्रयोगशाळांना त्यांनी आकडे घातलेलं एकच यीस्ट पाठवलं. नऊजणांचं उत्तर सारखं आलं, तिघांचं वेगळं. मी म्हटलं, तिघं म्हणजे खूपच झाले. आबा म्हणाले, मी नोकरीला लागलो तेव्हा असंच पाठवलं होतं, तेव्हा सारखं उत्तर तिघांचं होतं. त्या तिघांकडे काय बिनसलंय ते शोधायला दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जाणार आहे. बाराच्या बारा उत्तरं सारखी आलेली मला बघायची आहेत, मग तोवर मी आबांएवढी म्हातारी का होईना.

आई घरी आली त्या दुपारी आम्ही काही साजरं केलं नाही. बाबांनी भात-आमटी केली, ती सगळ्यांनी गुपचूप खाल्ली. मग आईला पलंगावर बसवून बाबा भिंतीला टेकले ते तिथंच घोरायला लागले. आबा खुर्चीत झोपले. मी आईच्या पायाशी आडवी झाले. तीन आठवडे आम्ही पाळ्या लावून तिच्या श्वासाकडे बघत होतो.

चारच्या सुमाराला मला किंचित जाग आली. आई उशीला टेकून बसली होती आणि आमच्या तिघांकडे एकेक करून बघत होती. मी डोळे पुन्हा मिटले. आता जागायची पाळी तिची होती.